एकट्या माणसाचं ताट

आहारदान म्हटलं की आपल्या बायकांच्या डोळ्यापुढं आधी चौका उभा राहतो. गाळून तापवलेलं पाणी, निवडून घेतलेलं धान्य, दारात पडगाहनासाठी उभी राहिलेली घरची माणसं, आणि महाराजांची विधी आपल्या दारात मिळते की पुढच्या, ही धाकधूक. अक्षय्य तृतीयेला हस्तिनापूरच्या श्रेयांस राजानं आदिनाथ भगवंतांना इक्षुरस दिला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. ऊस पिकवणाऱ्या आपल्या मुलखात ती कथा जरा जास्तच जवळची वाटते.

पण आज मला ज्या जेवणाबद्दल लिहायचं आहे, त्यात देणारा श्रावक नाही आणि घेणारा मुनीही नाही. देणारी पंचायत, नगरपालिका किंवा महापालिका. घेणारं एखादं म्हातारं, अपंग, आजारी, एकटं माणूस. असं जेवण सरकारनं द्यावं का, आजवर कुणी कसं दिलं, आणि पुढं ते राहणार आहे की जाणार, हा विषय बायकांच्या बैठकीत फारसा निघत नाही. खरं तर तो आपलाच आहे. गल्लीतल्या एकट्या म्हातारीला आज कुणी जेवायला दिलं का, हे पुरुषांना कुणी विचारत नाही.

सुरुवात जरा जुन्यापासून करते. कन्नड मुलखातल्या जैन शिलालेखांत आहार, अभय, भैषज्य आणि शास्त्र अशी चार दानं एकत्र गुंफून आलेली वारंवार दिसतात. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज यानं ती बांधली. अशा बस्त्यांना जमिनी आणि बाजारातल्या मालावरचं उत्पन्न लावून दिलेलं असे. त्यातून पूजा चाले, दुरुस्ती होई, साधूंचा आहार होई. म्हणजे जेवणाची सोय करायची तर नुसती श्रद्धा पुरत नाही, त्यामागं कायमचं उत्पन्न लागतं, हे आठशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात दानाचे प्रकार वेगळे केले आहेत. मुनींना देणं ते पात्रदत्ती. दुःखी, भ्यालेल्या जिवावर करुणा करणं ते दयादत्ती. दोन्ही आपल्याच शास्त्रात शेजारी-शेजारी आहेत. पण व्यवहारात पात्रदत्तीचे नियम आपल्याला नवधा भक्तीसकट तोंडपाठ, आणि दयादत्तीला मात्र नियम नाही, वेळ नाही, वहीसुद्धा नाही. ज्याला जसं सुचेल तसं. उरलं तर दिलं.

दयेला वही घातली ती इंग्रजांनी, आणि तीही दयेपोटी नव्हे.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मुंबई आणि मद्रास इलाख्यांत लाखो माणसं मेली. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात. सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानं जानेवारी १८७७ मध्ये दुष्काळी कामावरच्या गड्याची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि वर अर्धा आणा इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला! दख्खनात हजारो मजुरांनी त्या कामांवर जायचं सोडलं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काकांच्या सभेनं, हा प्रश्न लावून धरला. त्या दुष्काळानंतर १८८० मध्ये कमिशनचा अहवाल आला आणि १८८० च्या दशकात प्रांताप्रांतांचे दुष्काळी कायदे, म्हणजे फॅमिन कोड, तयार झाले.

फॅमिन कोडचा मुख्य भर कामावर होता: हातपाय चालणाऱ्यानं खडी फोडावी, मजुरी घ्यावी. पण ज्याचे हातपाय चालत नाहीत त्याचं काय? त्यासाठी एक वेगळं कलम होतं, कामाविना द्यायच्या मदतीचं. म्हातारपणानं किंवा दुखण्यानं काम न होणारे, आंधळे, पांगळे, वेडे, आणि अशांची सेवा करायला घरी थांबावं लागणारं माणूस. शिवाय रिवाजामुळं ज्यांना चारचौघांत बाहेर पडता येत नाही अशा घरंदाज बायका. अशांची यादी गावातच करायची, पाटील-कुलकर्ण्यांच्या मदतीनं, वरून सर्कलच्या तपासनिसानं ती पडताळायची, आणि धान्य किंवा रोख मदत त्या माणसाला त्याच्या गावात पोचवायची.

मला या कलमाचं नेहमी नवल वाटतं. परक्या, कंजूष सरकारलासुद्धा दोन गोष्टी कळल्या होत्या. एक म्हणजे ज्याला चालता येत नाही त्याला लंगरापर्यंत या म्हणणं ही थट्टा आहे. दुसरी, सेवा करणाऱ्यालाही खायला लागतं. अंथरुणाला खिळलेल्या सासूपाशी थांबलेली सून कामावर जाऊ शकत नाही, म्हणून तिचंही पोट त्या यादीत धरायचं. आजच्या कुठल्या योजनेत ही सून धरली आहे, सांगा बरं.

अर्थात यादी झाली म्हणजे न्याय झाला असं नव्हे. यादी करणारा गावातलाच, त्याचे हितसंबंध गावातलेच. आणि जिथं शिजवलेलं अन्न दिलं जाई त्या पुअरहाऊसबद्दल लोकांच्या मनात भीती आणि लाज दोन्ही होती. कुणाच्या हातचं, कुणाच्या पंगतीला, हा जातीचा प्रश्न तर होताच. सरकारी अधिकारी तर उलट म्हणत की शिजवलेलं अन्न हीच कसोटी आहे. खरा भुकेला असेल तोच येईल. लाजेला चाळणी करायची ही युक्ती तेव्हापासूनची आहे, आणि ती अजून गेलेली नाही. फुकट जेवणाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाचा फोटो काढून वाटणारे आजही तेच करतात.

१८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यामागून १८९९-१९०० चा, ज्याला जुनी माणसं छप्पन्नाचा दुष्काळ म्हणत. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकानं काढली, निराश्रितांची सोय केली, कामावरच्या आयांची लेकरं सांभाळायची व्यवस्था केली. याच काळात, १८९९ मध्ये, निपाणीजवळच्या स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली, तीच आजची दक्षिण भारत जैन सभा. सभेनं आणि अण्णासाहेब लठ्ठ्यांसारख्या मंडळींनी शिक्षणाचा ध्यास घेतला, बोर्डिंगं काढली. बोर्डिंग म्हणजे काय, तर खेड्यातल्या पोराला शहरात दोन वेळचं जेवण. आपल्या समाजातली पहिली आधुनिक सार्वजनिक स्वयंपाकघरं हीच म्हणायची. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या अशाच बोर्डिंगात राहिलेले. पुढं त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली, घराघरांतून मूठ-मूठ धान्य गोळा केलं. आणि लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रासकट.

हा इतिहास आपण अभिमानानं सांगतो, सांगावाच. पण त्यात एक गोष्ट माझ्या नजरेला खुपते. ज्याच्यापुढं आयुष्य आहे त्याला जेवू घालायला आपण शिकलो. ज्याच्यामागं आयुष्य आहे त्याला जेवू घालायची संस्था मात्र आपण उभारली नाही. विधवांसाठी श्राविकाश्रम निघाले, तेही मुख्यतः शिकवण्यासाठी. म्हाताऱ्यांचं काय? त्यांना घर आहे, सुना आहेत, असं गृहीत धरलं. तेव्हा ते बऱ्याच अंशी खरंही असेल. आज कडोलीत, कंग्राळीत, निपाणीच्या गल्ल्यांत ते तसं राहिलेलं नाही.

सरकारनंही तेच गृहीत धरलं. स्वातंत्र्यानंतर शाळेतल्या मुलाला जेवण, अंगणवाडीतल्या बाळाला आहार, गरोदर बाईला पोषण, आणि म्हाताऱ्याला पैसे. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन सुरू झाली, महिना ७५ रुपये. पुढं केंद्राचा वाटा २०० रुपये झाला आणि साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या माणसासाठी तो तिथंच बसला. राज्यं आपापली भर घालतात. कर्नाटकात २००७ पासून संध्या सुरक्षा आहे. पैसे हवेतच, ते नकोत असं कोण म्हणेल? पण पैसे शिजत नाहीत. गुडघे गेलेल्या बाईला बाजार आणायचा, निवडायचं, चूल किंवा गॅस पेटवायचा, भाकरी थापायची. हाताला कंप असेल तर भाकरी थापता येत नाही, मग चहा-बिस्कीट. आमच्याकडं कितीतरी म्हाताऱ्या माणसांचं रात्रीचं जेवण म्हणजे चहात बुडवलेलं बटर.

शिजवलेलं अन्न म्हाताऱ्यांनाही द्यावं, हे आपल्या देशात कुणाला सुचलंच नाही असं नाही. तमिळनाडूत एम. जी. रामचंद्रन यांनी १ जुलै १९८२ ला मुलांच्या दुपारच्या जेवणाची मोठी योजना सुरू केली, आणि १९८३ च्या जानेवारीत वृद्धापकाळ पेन्शन घेणाऱ्यांनाही त्याच स्वयंपाकघरातून जेवण द्यायचं ठरवलं. वेगळं स्वयंपाकघर नाही, वेगळं खातं नाही. जिथं नातवाचं पातेलं, तिथंच आज्जीचं. ओडिशातही कालाहंडी, बोलांगीर, कोरापुट या भागांत उपासमारीच्या बातम्यांनी देश हलला तेव्हा निराधार, थकलेल्या म्हाताऱ्यांना अंगणवाडीतून रोज शिजवलेलं जेवण द्यायची योजना निघाली. साधी गोष्ट. पण बाकीच्या राज्यांनी मुलांचं जेवण उचललं आणि म्हाताऱ्यांचं पान सोडून दिलं.

२००० साली केंद्रानं अन्नपूर्णा योजना काढली: पेन्शनला पात्र असूनही जिला ती मिळत नाही अशा ६५ वर्षांवरच्या माणसाला महिन्याला दहा किलो धान्य फुकट. वाचून हसावं की रडावं! पात्र आहेस, पण पैसे नाहीत, म्हणून हे घे. २००१ मध्ये राजस्थानातल्या संघटनेनं सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काचा खटला घातला. त्या वर्षी २८ नोव्हेंबरच्या आदेशानं शाळेतल्या शिजवलेल्या जेवणासह या योजना कायदेशीर हक्क ठरल्या, सरकारला मनाला येईल तेव्हा बंद करता येईनात. आपल्या कर्नाटकातलं ‘अक्षर दासोह’ म्हणजे शाळेचं बिसियूट त्याच वाऱ्यानं आलं. गरम जेवण या अर्थाचा कन्नड शब्द, आमच्या मराठी शाळांतली पोरंही तोच वापरतात.

आणि आता या इतिहासातलं ते पान, जे बायकांनी माहीत करून घ्यायला हवं. डिसेंबर २०११ मध्ये अन्न सुरक्षेचं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. त्यात निराधार माणसाला रोज निदान एक वेळचं जेवण फुकट, आणि बेघरांसाठी परवडणाऱ्या दरात सामुदायिक स्वयंपाकघरं, अशी कलमं होती. २०१३ मध्ये कायदा झाला तेव्हा ती कलमं त्यात नव्हती. गरोदर आणि स्तनदा माता राहिल्या, चौदा वर्षांपर्यंतची मुलं राहिली, रेशनचं धान्य राहिलं. शिजवलेल्या जेवणाच्या हक्कातून एकटं, म्हातारं, अपंग माणूस बाहेर गेलं. कुठं मोर्चा निघाला नाही. निघणार कसा? ज्यांचं गेलं त्यांना चालता येत नाही.

२०१९ मध्ये देशभर सामुदायिक स्वयंपाकघरं काढावीत म्हणून पुन्हा सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली. बरीच वर्षं तारखा पडल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयानं तसा आदेश द्यायला नकार दिला. कायदा आहे, योजना आहेत, कुठली योजना चांगली हे ठरवणं आमचं काम नाही, असा त्याचा रोख. म्हणजे चेंडू फिरून सरकारकडं, आणि आपल्याकडं.

कायद्यानं सोडलं ते मग राजकारणानं उचललं. महाराष्ट्रात १९९५ ला युतीचं सरकार आलं आणि एक रुपयात झुणका-भाकर मिळू लागली. केंद्रांना मोक्याच्या जागा मिळाल्या. काही वर्षांत अनुदान आटलं, सरकार बदललं, झुणका गेला आणि जागा राहिल्या. तिथं वडापाव, चहा, जे चालेल ते विकायला लागलं. २०१३ ला चेन्नई महापालिकेनं बचतगटाच्या बायकांच्या हाती अम्मा उणवगम दिलं, एक रुपयाला इडली. १६ ऑगस्ट २०१७ ला बंगळुरात इंदिरा कॅन्टीन आलं: नाष्टा पाच रुपये, दुपारचं आणि रात्रीचं जेवण दहा-दहा रुपये. मग ते जिल्ह्या-तालुक्यांच्या शहरांत आलं. २०२० च्या प्रजासत्ताकदिनी महाराष्ट्रात शिवभोजन: दोन चपात्या, भाजी, वरण, भात, दहा रुपये. गिऱ्हाइकाचे दहा धरून केंद्रचालकाला एका थाळीमागं शहरात ५० आणि खेड्यात ३५ रुपये मिळावेत, असा हिशेब. कोरोनात ती पाच रुपयांवर आली, काही काळ फुकटही झाली.

आम्ही सीमेवरची माणसं. कोगनोळीचा नाका ओलांडला की ताटाचं नाव बदलतं. अलीकडं इंदिरा, पलीकडं शिव. दर तोच, दहा रुपये. सत्तर वर्षं ज्या रेषेवरून भांडण चाललंय त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना भुकेची किंमत एकच लावलेली बघून मला गंमत वाटते.

नावं बघा: अम्मा, इंदिरा, शिव, अण्णा. अण्णा म्हणजे एन. टी. रामाराव, आंध्रात २०१८ ला अण्णा कॅन्टीन निघाली, २०१९ ला सरकार बदलताच बंद झाली, २०२४ ला जुनं सरकार परत आलं तशी पुन्हा उघडली. मधली पाच वर्षं तिथं जेवणाऱ्या माणसानं काय करायचं? इंदिरा कॅन्टीनचंही तेच. सरकार बदललं की अनुदानाची ओढाताण, राज्य म्हणतं पालिकेनं द्यावं, पालिका म्हणते राज्यानं. ठेकेदाराची बिलं थकली की सांबार पातळ होतं, हे रोज जेवणाऱ्याला वर्तमानपत्राच्या आधी कळतं. शिवभोजनाच्या चालकांचीही थकलेल्या बिलांची ओरड आहेच. शिलालेखातल्या त्या माणसांनी बस्तीला जमीन लावून दिली होती. आपण ताटाला नेत्याचं नाव लावून देतो.

आणि कॅन्टीन चांगलं चाललं तरी ते कुणासाठी? हमालासाठी, रिक्षावाल्यासाठी, परगावच्या विद्यार्थ्यासाठी, इस्पितळात पेशंटजवळ बसलेल्या नातेवाइकासाठी. सगळ्यांना ते हवंच. पण हे सगळे पायांनी चालत जाणारे. आणि शहरातले. कडोलीच्या म्हातारीनं दहा रुपयांच्या जेवणासाठी बसचं तिकीट काढून बेळगावला जायचं का?

विलायतेत हे वेगळ्या वाटेनं झालं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या सुमारास, तिथल्या बायकांच्या स्वयंसेवी संघटनेनं घरी अडकलेल्या म्हाताऱ्यांना गरम जेवण पोचवायला सुरुवात केली. कुठंकुठं तर बाळांच्या जुन्या बाबागाड्यांतून! ही संघटना १९३८ मध्ये उभी करणाऱ्या लेडी रीडिंग म्हणजे आपल्याकडं १९२१ ते १९२६ व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड रीडिंग यांच्या दुसऱ्या पत्नी. १९४८ च्या कायद्यानं तिथल्या कौन्सिलांना, म्हणजे आपल्या नगरपालिकाच म्हणा, अशा संस्थांना पैसे द्यायची मुभा दिली, १९६२ मध्ये स्वतः जेवण पुरवायचीही. मुभा दिली, सक्ती केली नाही. म्हणूनच २०१० नंतर खर्चकपात आली तेव्हा कितीतरी कौन्सिलांनी ही सेवा बंद केली. बंद करणं सोपं होतं, कायदा मोडत नव्हता. जेवण घेऊन येणारं माणूस दिवसातून एकदा दार वाजवायचं, आज्जी पडली आहे का, बोलते आहे का बघायचं. तेही त्याबरोबर गेलं. श्रीमंत देशाचं हे उदाहरण मी देते ते आपण मागं आहोत म्हणून नव्हे. मुभेवर चाललेली गोष्ट पैशाची टंचाई आली की पहिली जाते, एवढ्यासाठी.

केरळातलं मला जास्त जवळचं वाटतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तिथल्या पंचायतींनी आणि कुटुंबश्रीच्या बायकांनी गावोगाव स्वयंपाकघरं चालवली, घरपोच डबे दिले. त्याच वर्षापासून कुटुंबश्रीची जनकीय हॉटेलं वीस रुपयांत जेवण देऊ लागली. पुढं सरकारचं अनुदान थांबलं आणि दर वाढले, हेही खरं. पण पंचायत आणि बचतगट मिळून हे चालवू शकतात, एवढं तरी सिद्ध झालं.

आपल्याकडंही सरकार गावात जेवण शिजवू शकतं, हे आम्ही डोळ्यांनी बघितलं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मार्कंडेय, घटप्रभा, वेदगंगा, दूधगंगा सगळ्याच फुगल्या. बेळगाव जिल्हाभर गंजी केंद्रं उघडली. गंजी म्हणजे कांजी, पेज. नाव दुष्काळातलं, केंद्र महापुरातलं. ताटात भात-सांबार असला तरी सरकारी भाषेत ते गंजीच. शाळेच्या खोल्या, बिसियूटची पातेली, स्वयंपाकाला बायका. पाणी ओसरलं, केंद्रं उठली. नियमच तसा आहे: संकट संपलं की जेवण संपलं. एकट्या माणसाचं संकट ओसरत नाही, एवढाच फरक.

मग कडोलीसारख्या गावात पुढं काय व्हावं, याबद्दल माझं मत सांगते. पटेल त्यांनी घ्यावं.

गावात स्वयंपाकघरं आहेत. अंगणवाडी आहे, जिथं २ ऑक्टोबर २०१७ पासून मातृपूर्ण योजनेत गरोदर आणि बाळंतिणींसाठी दुपारचं जेवण शिजवायचं ठरलं. शाळेत बिसियूट आहे. वीस-पंचवीस म्हाताऱ्यांचं त्यात शिजवणं ही पातेल्याची अडचण नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत समाजकल्याण, अपंगांचं कल्याण, दुर्बल घटक आणि सार्वजनिक वितरण हे विषय पंचायतीच्या कामांत लिहिलेले आहेत. तेव्हा हे आमच्याकडं येत नाही, असं पंचायतीला म्हणता येत नाही. कर्नाटकात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी रेशन पोचवायची अन्न सुविधा योजना निघाली आहे. दारापर्यंत जायचं तत्त्व सरकारनं मान्य केलंच आहे. तांदूळ दारात आला, आता भात यायला काय हरकत?

हरकत कुठं येईल ते मला माहीत आहे. अंगणवाडी ताई आणि बिसियूटच्या बायका आधीच तुटपुंज्या मानधनावर राबतात, त्यासाठी बेळगावच्या आणि बंगळुराच्या रस्त्यावर कितीदा बसल्या. त्यांच्या डोक्यावर आणखी वीस ताटं टाकायची आणि त्याला सेवा म्हणायचं, हे मला मान्य नाही. डबा पोचवणाऱ्या बाईला वेगळा पगार हवा, आणि तो पंचायतीच्या अंदाजपत्रकात लिहिलेला हवा, कुणाच्या वाढदिवसावर अवलंबून नको.

दुसरी हरकत आपल्यातूनच येईल. आपण आपल्या माणसांचं बघू, सरकारचं अन्न कशाला? पंचकल्याणकात आपण हजारोंच्या पंगती उठवतो, हे खरं. धर्मस्थळचं हेग्गडे घराणं जैन, आणि तिथं रोज हजारो भाविक जेवतात, जात-धर्म न विचारता. पण धर्मस्थळामागं पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था आहे. आपल्या गावच्या बस्तीमागं नाही. आठ दिवस पंगती आणि बाकी तीनशे सत्तावन्न दिवस चहा-बटर, असं म्हातारपण निघत नाही. आणि आपली माणसं म्हणजे कोण? निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पंचवीस-तीस वर्षं धूळ खाल्लेली बाई, जिचा दमा आता तिला चार पावलं चालू देत नाही, ती कुठल्या समाजाची धरायची? आपल्यातल्याच काहींच्या शेतातली तंबाखू तिनं झाडली असेल. ऐंशीच्या दशकात त्या बाया संघटित झाल्या, मजुरीसाठी भांडल्या. म्हातारपणचं जेवण तेव्हाच्या मागण्यांत नव्हतं; तेव्हा त्या तरुण होत्या.

आपल्या म्हाताऱ्यांच्या गरजाही सांगायला हव्यात, लाजायचं काही नाही. रात्रीभोजन नसणाऱ्या आज्जीला रात्री साडेसातचं जेवण चालत नाही. बटाटा-कांद्याची भाजी तिच्या कामाची नाही. पण बघा, दिवस मावळायच्या आत, मऊ, कमी तिखट, गाजर-बटाट्याऐवजी दोडका-दुधी, हे मधुमेहाच्या मुसलमान आजोबांनाही चालतं आणि दात नसलेल्या लिंगायत अव्वांनाही. संध्याकाळी साडेपाचचा डबा सगळ्यांनाच सोयीचा, आणि पोचवणाऱ्या बाईलाही उजेडात घरी जाता येतं. अंडं हवं त्याला अंडं द्यावं. त्याला आपण आडवं जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्याच्या ताटातलं काढून आपली अहिंसा वाढत नाही.

भाषेचंही आहे. कचेरीतले अर्ज कन्नडमध्ये, आमच्या भागातल्या जुन्या बायका मराठी शाळेत दुसरी-तिसरीपर्यंत गेलेल्या, कित्येक तेवढ्याही नाहीत. अर्ज भरून जेवण मिळवायचं म्हटलं तर जिला सगळ्यात जास्त गरज, तीच मागं राहील. म्हणून अर्ज नको, यादी हवी, आणि ती दारात जाऊन केलेली. अंगणवाडी ताईला आणि आशाताईला प्रत्येक घर ठाऊक आहे.

आम्ही चौघी-पाचजणींनी ती सुरू केली आहे, शाळेची वही घेऊन, गल्लीवार. ग्रामसभेत मांडायची तर हातात काहीतरी हवं. पहिल्यांदा फक्त नाव आणि वय लिहीत होतो. मग एकीनं सुचवलं म्हणून रकाने वाढले: घरात आणखी कोण, पेन्शन येते का, कुणाच्या नावावर येते, चालता येतं का, दार आतून उघडता येतं का, सेवा करायला कोण थांबतं आणि ते काय खातं. गोळ्या जेवणाआधीच्या की नंतरच्या. शेवटचा रकाना माझ्या जावेनं घातला: दात किती.